एबीसीच्या वहीत न मावणारे धालो

धालो, फुगड्या, जती यांचे शब्द गोव्यात बऱ्यापैकी लिहून झाले आहेत. चालींचे तसे नाही. पुस्तकात गाण्याच्या डोक्यावर फार तर ‘चाल : पारंपरिक’ एवढे असते आणि मांडावरची जाणती बाई गेली की ते ‘पारंपरिक’ म्हणजे काय ते सांगायला कोणी उरत नाही. ध्वनिमुद्रण हवेच, पण त्यातली चाल दुसऱ्याला समजावून सांगायची तर ती लिहावी लागते. या खटपटीत माझी एबीसी नावाच्या पद्धतीशी गाठ पडली. तिच्या उणिवा तिच्या जन्मकथेतच आहेत, म्हणून आधी ती कथा.

ख्रिस वॉलशॉ हा ब्रिटनमधला लोकसंगीताचा नादिष्ट माणूस. पाश्चात्त्य पाच रेघांची स्वरलिपी शिकण्याआधीपासून तो धुनांचे तुकडे नुसत्या अक्षरांत टिपून ठेवी. पुढे फ्रेंच बॅगपाइपच्या धुना छापण्यासाठी तो म्युझिकटेक वापरू लागला, पण त्यातल्या लांबलचक आज्ञा टंकताना जीव मेटाकुटीला येई. मग त्याने आपल्या जुन्या अक्षरांवरून त्या आज्ञा आपोआप तयार करणारा प्रोग्राम लिहिला. १९९३पर्यंत त्याचा ‘एबीसीटूएमटेक्स’ झाला होता. मोठ्या लिपीतला सी म्हणजे मधल्या सप्तकातला, लहान लिपीतला सी त्याच्या वरचा. अक्षरापुढे २ लिहिला की सूर दुप्पट लांब. उभी रेघ मारली की खंड संपला. ईमेलमधून धून पाठवता येते, सराव झाला की नुसती वाचून गुणगुणताही येते. आयरिश वादकांच्या ‘द सेशन’ या संकेतस्थळावर हजारो धुना याच वेषात आहेत.

साधा मजकूर असण्याचा मोठा फायदा म्हणजे टिकाऊपणा. १९९३ची एबीसी फाइल आजही उघडते आणि वाचता येते. युनिकोडच्या आधी खास फाँटांत टंकलेली आमची मराठी गाणी मात्र तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येतात.

पण वही बॅगपाइपवाल्याची. हायलँड पाइपसाठी एबीसीत स्वतंत्र ‘की’ आहे, इतकी तिची नाळ त्या वाद्याशी जुळलेली. एका वाद्यावरची, ठरावीक तालाची, नाचाची धून हे तिचे घर. त्याबाहेर पाऊल टाकले की प्रत्येक प्रोग्रामने स्वतःची बोली काढली. ‘!’ हे चिन्ह घ्या. विंडोजवरच्या एका जुन्या प्रोग्रामात त्याचा अर्थ ‘इथे ओळ तोड’, तर पुढच्या प्रमाणांत दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये अलंकाराचे नाव लिहायचे ठरले. आता नवा प्रोग्राम जुन्या फाइलीत दोन ओळतोडींच्या मधली सगळी धून अलंकाराचे नाव समजून बसू शकतो! ‘~’ या चिन्हाची गोष्ट मला जास्त लागते. आधी त्याचा अर्थ होता ‘इथे काहीतरी नटव, तुझ्या वाद्याला शोभेल तसे’. पुढे तो आक्रसून ‘आयरिश रोल’ एवढाच झाला. २०११च्या २.१ या प्रमाणाने बराच केर काढला, हे खरे. देवनागरी शब्द सुरांखाली लिहायचे तर यूटीएफ-८चा रस्ताही त्यातच सरळ झाला. जुन्या प्रोग्रामांच्या फाँटांत आपली अक्षरे नव्हतीच.

आता धालो. मी ऐकलेल्या मांडावर एका रांगेतल्या बायकांचे शेवटचे अक्षर लांबत असतानाच समोरची रांग ओळ उचलते. किती लांबवायचे ते मोजमाप नाही, दम असेल तितके. एबीसीत दोन रांगांना दोन ‘आवाज’ देता येतात, पण दोन्हींची मात्रा-मात्रा जुळवावी लागते. जुळली नाही तर वाजवणारा प्रोग्राम अमुक खंडात माप चुकले म्हणून कुरकुरतो. ताल ‘काहीच नाही’ असे लिहायची सोय आहे, पण मग रांगा कुठे एकमेकींत मिसळतात ते दाखवायला काही धरच राहात नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या गंधाराला काही प्रोग्राम चिन्ह देतात, काही देत नाहीत. आणि मींड? वाजवून पाहावी तर पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते.

सगळ्यात मोठी अडचण ‘सा’ची. एबीसीला ठाम पट्टी हवी. आमच्या चर्चच्या शाळांतून मेस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या सोल्फेजोतही ‘डो’ जागचा हलत नाही. भजनातल्या पेटीवाल्याचा सा मात्र गाणाऱ्याबरोबर फिरतो, आणि धालोंचा सा पहिली बाई जिथे तोंड उघडेल तिथे.

मग भातखंड्यांची (१८६०-१९३६) पद्धत का नको? सा फिरता ठेवणारी ती आपलीच मजकुरी लिपी. कागदावर उत्तमच आहे. संगणकावर तिचे हाल पाहवत नाहीत. कोमलाची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाची उभी रेघ वेदपाठाच्या चिन्हांतून उसनी आणायची, मंद्र निषादाला नुक्ता द्यायचा, तार षड्जाला अनुस्वार देऊन ‘सां’ करायचा. त्यात ‘सा’ रुंद, ‘ग’ अरुंद. ईमेलमधून पाठवले की सम एकीकडे आणि स्वर भलतीकडे. शिवाय ही चिन्हे ओळखून वाजवून दाखवेल, शोधून देईल असे सर्वांनी मानलेले एक प्रमाण अजून नाही. वॉलशॉने निदान एक पाया घालून दिला.

तूर्त मी दोन्ही ठेवतो आणि सोबत ध्वनिमुद्रण. एबीसीच्या मथळ्यातले रकाने मात्र मनापासून आवडतात : धून कुठली, कोणाकडून मिळाली, कोणी लिहून घेतली. आपल्या छापील संग्रहांत नेमके हेच गाळले जाते. मी तिथे वाडा, मांड आणि गाणारीचे नाव तिला विचारूनच घालतो, आणि टिपणाच्या रकान्यात लिहितो : सा – काळी चार, दुसऱ्या रात्री काळी तीन.