शब्दांचे डाव आणि हर्षाचे राज्य

गेल्या पावसाळ्यात एक शनिवार-रविवार माझ्या एका जुन्या स्नेह्याच्या घरी घालविण्याचा योग आला. कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहत होतो. पुढे तो वकिलीकडे वळला, आणि मी इतिहास शिकवू लागलो. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील मुलांनी भेंड्या मांडल्या व आम्हां दोघांस दोन पक्षांचे पुढारी नेमले. माझ्या पक्षावर तीन भेंड्या चढल्या. मुले विजयाच्या आनंदात निजावयास गेली, आणि आम्ही बुद्धिबळाचा पट काढला.

पराभवाचे दुःख हलके करण्याकरिता मी इतिहासाचा आश्रय घेतला. म्हटले, भेंड्यांस पोरखेळ समजण्याचे कारण नाही. वात्स्यायनाने जी चौसष्ट कलांची यादी दिली आहे तीत 'प्रतिमाला' म्हणून जी कला येते ती आमची ही भेंडीच. तिच्याच पंक्तीस प्रहेलिका म्हणजे कोडी, समस्यापूर्ती आणि जीभ अडखळेल असे उच्चार करण्याचे खेळही बसविले आहेत. दंडीने 'काव्यादर्शा'त कोड्यांचे सोळा प्रकार सांगून त्यांचा उपयोगही सांगितला आहे: मित्रमंडळीत करमणूक, भर गर्दीत जाणत्यांचे गुप्त भाषण आणि दुसऱ्यास चकविणे. बाणाच्या 'कादंबरी'तील शूद्रक राजाही मित्रांच्या मेळाव्यात अक्षर वा मात्रा गाळून केलेल्या श्लोकांच्या कोड्यांत दिवस घालवितो. आमच्याकडे बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओठांस ओठ न लागता म्हणता येणारे 'निरोष्ठ रामायण' रचले, तेही ह्याच परंपरेतले.

"आणि ह्या तुझ्या बाणाच्या वेळी बुद्धिबळ होते काय?" घोडा पुढे सरकवीत स्नेह्याने विचारले.

होते, आणि त्याचा पुरावाही एका शब्दखेळातच सापडतो. बाण हर्षाच्या (इ. स. ६०६–६४७) भेटीस गेला तो मोठ्या धास्तीने, कारण त्याच्याविषयी राजाचे कान आधीच भरलेले होते. अजिरवती नदीकाठच्या छावणीत राजाने त्यास पाहिले आणि जवळ बसलेल्या मालवराजपुत्रास तो म्हणाला की, हा मोठा 'भुजंग' आहे. भुजंग म्हणजे साप, आणि भुजंग म्हणजे स्वैराचारी पुरुषही. वात्स्यायन कुळात जन्मलेल्या त्या ब्राह्मणास हा टोला जिव्हारी लागला, आणि आपल्या ठिकाणी कोणते भुजंगत्व दिसले असे त्याने राजास तेथल्या तेथे विचारले. पुढे राजाची मर्जी बसली. 'हर्षचरिता'त त्या राजाचे वर्णन करताना त्याने श्लेषाचीच माळ गुंफली आहे. ह्या राज्यात पाय तुटतात ते केवळ वृत्तांचे, कारण पाद म्हणजे श्लोकाचा चरण. आणि चतुरंगाची 'कल्पना' होते ती केवळ आठ-आठ घरांच्या अष्टापद पटावर. कल्पना म्हणजे रचना, आणि कल्पना म्हणजे छेदनही. चारी अंगे, म्हणजे हातपाय, तोडण्याची शिक्षा ह्या राज्यात नाही. चतुरंग दिसते ते फक्त खेळात, असा त्याचा आशय. अलंकारशास्त्रात ह्यास परिसंख्या म्हणतात. बुद्धिबळाच्या अगदी जुन्या उल्लेखांत ह्या वाक्याची गणना होते. पां. वा. काणे ह्यांनी १९१८ साली मुंबईत हा ग्रंथ टिपांसह छापला. त्या पुस्तकावर आम्ही दोघांनीही रात्री जागविल्या होत्या.

"ह्याच वाक्यावरून," मी थोड्या अभिमानाने म्हणालो, "हर्षाच्या राज्यात अंगच्छेदाची शिक्षा नव्हती, असे मी वर्गात सांगत आलो आहे."

स्नेह्याने हातातले प्यादे खाली ठेवले. "आणि तुमचा तो चिनी प्रवासी काय म्हणतो?"

मी निरुत्तर झालो. ह्युएन त्संग इ. स. ६३० ते ६४३च्या सुमारास ह्या देशात हिंडत होता. येथील कर हलके आहेत व कारभार उदार आहे असे तो आवर्जून सांगतो. म्हणजे निंदा करावी असा त्याचा हेतू दिसत नाही. तोच लिहितो की नीतीचा भंग, बेइमानी वा मातापितरांची अवज्ञा केल्यास नाक, कान, हात किंवा पाय तोडीत, अथवा अपराध्यास हद्दपार करीत. हे वचनही मी शिकवीत असे, पण दुसऱ्या तासाला. दोन्ही साक्षी समोरासमोर उभ्या करण्याचे मला वर्षानुवर्षे सुचले नव्हते.

"तुझा कवी खोटा बोलला म्हणून त्यास टाकून देऊ नकोस," वकील म्हणाला. "खोटी साक्ष देणाराही रस्ता, घर, दिवा खरेच सांगतो, त्याशिवाय त्याचे खोटे पटत नाही. श्लेषाला दोन अर्थ लागतात, आणि ते दोन्ही ऐकणाराच्या ओळखीचे असावे लागतात. ज्या गावी हातपाय तोडणे कोणास ठाऊकच नाही, तेथे ह्या कोटीवर हसणार कोण?"

हे मला पूर्णपणे पटले. बाणाच्या वाक्याने हर्षाच्या दयेचा निर्णय लागत नाही. त्याने दोनच गोष्टी सिद्ध होतात: अष्टापदावर चतुरंगाचा डाव मांडणे त्या काळच्या रसिकांस परिचित होते, आणि हातपाय तोडण्याची शिक्षाही तितकीच परिचित होती. राजाने एका शब्दाने आपणांस कसे हिणविले होते हे ज्या कवीने अनुभविले होते, त्यास शब्दाच्या दुसऱ्या धारेची जाणीव नसेल असे म्हणवत नाही. पण राजाच्या स्तुतीत त्याने ती धार झाकून ठेविली. झाकलेले उघडे करणे हे काम कवीचे नव्हे, इतिहासकाराचे. आणि तेथे मी चुकलो होतो.

डाव अर्थातच मी हरलो. रविवारी सायंकाळी निरोप घेताना मुलांनी पुढच्या भेंड्यांचे आव्हान दिले, ते मी स्वीकारले. परतल्यावर पहिल्याच तासाला टिपणातील ते वाक्य खोडले, आणि ते का खोडले हेही विद्यार्थ्यांस सांगितले. खोडीत असता माझ्या लक्षात आले की आम्ही दोघांनी तोच ग्रंथ, त्याच दिव्याखाली वाचला होता. मी त्यात राजा पाहिला, त्याने साक्षीदार पाहिला.