भारतातील इंटरनेट टेलिफोनी आणि भ्रमणध्वनी सेवेचे एकत्रीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना :

भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात १९९५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. देशातील हे पहिले भ्रमणध्वनी संभाषण होय. त्यानंतर पंधरवड्यातच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगम लिमिटेडने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. इंटरनेटवरून बोलण्याची सोय करणारी व्होकलटेक या इस्रायली कंपनीची संगणक प्रणालीही त्याच वर्षी बाजारात आली. म्हणजेच भ्रमणध्वनी, इंटरनेट आणि इंटरनेटवरील संभाषण या तिन्ही गोष्टींचा उदय जवळजवळ एकाच वेळी झाला. तथापि, भ्रमणध्वनीचा क्रमांक वापरून कोणाच्याही इंटरनेट जोडणीवरून बोलण्याचा मार्ग भारतात स्पष्टपणे मोकळा होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. हा विलंब तंत्रज्ञानाच्या अभावामुळे झाला, की धोरण व आर्थिक हितसंबंध यांमुळे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रतिबंधाचा कालखंड (१९९५ ते २००२) :

पारंपरिक दूरध्वनी व्यवस्थेत संभाषणाचे मूल्य अंतर आणि वेळ यांवर ठरत असे. इंटरनेटवर मात्र आवाजाचे रूपांतर अंकीय माहितीच्या लहान लहान पुडक्यांत होते आणि ती पुडकी शेजारच्या गल्लीत जावोत की सातासमुद्रापार, ग्राहकाच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. साहजिकच आंतरराष्ट्रीय दूरध्वनीची मक्तेदारी ज्या संस्थेकडे होती, तिच्या उत्पन्नाला हे तंत्र धोकादायक होते. भारतात ही मक्तेदारी विदेश संचार निगमाकडे होती. १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी न देण्याची भूमिका घेतली, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

निगमाची मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २००२ रोजी, इंटरनेट टेलिफोनी मर्यादित स्वरूपात खुली झाली. हा तारखांचा योगायोग नव्हे. मात्र खुली झालेली वाट अरुंद होती. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, तसेच भारतातील संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येत होते. भारतातील दूरध्वनी अथवा भ्रमणध्वनीशी जोडणी करण्यास मनाई होती. परिणामी पुण्यातील संगणकावरून न्यू जर्सीतील मुलाच्या घरचा दूरध्वनी वाजविता येत असे, पण साताऱ्यातील बहिणीच्या घरचा वाजविता येत नसे. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने साताऱ्याचा दूरध्वनी अधिक कठीण नव्हता. अडसर नियमाचा होता.

न वापरलेला अधिकार (२००३ ते २०१५) :

नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत प्रवेश सेवा परवान्याची पद्धत सुरू झाली. कालांतराने या परवान्याच्या चौकटीत दूरध्वनी व भ्रमणध्वनी कंपन्यांना अनिर्बंध इंटरनेट टेलिफोनीचा अधिकार मिळाला. परंतु त्यांनी तो वापरला नाही. ज्या सेवेमुळे आपल्याच नेहमीच्या कॉलचे उत्पन्न घटेल ती स्वतःहून देण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. दुसरीकडे, ही सेवा देण्यास उत्सुक असलेल्या इंटरनेट सेवा पुरवठादारांना हा अधिकार नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पुरवठादारांनाही देशांतर्गत जोडणीची मुभा द्यावी अशी शिफारस केली. शासनाने ती स्वीकारली नाही.

दरम्यान ग्राहकाने आपली वाट स्वतः शोधली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉट्सॲपने प्रथम लघुसंदेशाची जागा घेतली आणि २०१५ मध्ये बोलण्याचीही सोय दिली. नोंदणीसाठी भ्रमणध्वनी क्रमांक लागे. प्रत्यक्ष देवाणघेवाण मात्र पूर्णतः इंटरनेटवर होई. अशा प्रकारे क्रमांक कंपनीचा आणि संवाद इतरांचा अशी विभागणी झाली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा आकार जाहीर केला; तीव्र विरोधानंतर तो मागे घेण्यात आला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने अशा ॲपच्या नियमनाबाबत सल्लापत्र प्रसिद्ध केले, तेव्हा नागरिकांनी दहा लाखांहून अधिक ई-मेल पाठविले. दूरसंचार धोरणाच्या चर्चेत सामान्य ग्राहक एवढ्या मोठ्या संख्येने उतरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

एकत्रीकरणास मान्यता (२०१६ ते २०२०) :

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. या कंपनीच्या जाळ्यात आवाज हाच मुळात इंटरनेट पद्धतीच्या माहितीच्या रूपाने वाहत होता व संभाषणासाठी स्वतंत्र आकार नव्हता. ज्या आर्थिक कारणाने भिंत उभी होती ते कारणच त्यामुळे कमकुवत झाले. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोहोचविण्यासाठी द्यावे लागणारे आंतरजोडणी शुल्कही प्रति मिनिट १४ पैशांवरून १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत कॉलसाठी शून्य झाले.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी ट्रायने इंटरनेट टेलिफोनीबाबत नव्याने शिफारशी केल्या. संभाषणाची सेवा व ती वाहून नेणारे जाळे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात, हे त्यांतील मूलतत्त्व होते. परवानाधारक कंपनीचा ग्राहक अन्य कोणाच्याही इंटरनेट जोडणीवरून आपल्या क्रमांकाची सेवा वापरू शकेल, असा त्याचा अर्थ. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत तदनुसार बदल केले. जुलै २०१८ मध्ये भारत संचार निगमाने 'विंग्स' ही सेवा जाहीर केली. वार्षिक १,०९९ रुपये अधिक कर भरून ग्राहकास ॲपद्वारे देशातील कोणत्याही दूरध्वनीशी बोलता येणार होते.

खाजगी कंपन्यांनी मात्र वेगळे ॲप देण्याऐवजी वाय-फाय कॉलिंगचा मार्ग स्वीकारला. यात हँडसेट घरातील वाय-फायवरून कंपनीच्या केंद्राशी सुरक्षित जोडणी साधतो, सिमकार्डाच्या आधारे ओळख पटते आणि नेहमीच्याच क्रमांकावरून कॉल होतो. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात, तर जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सुविधा जाहीर केली. व्होडाफोन आयडियाने डिसेंबर २०२० मध्ये आरंभ करताना निवडलेल्या मंडळांत 'महाराष्ट्र व गोवा' हे मंडळ होते.

मर्यादा :

या एकत्रीकरणाचा लाभ सर्वांना सारखा मिळाला असे म्हणता येत नाही. मनोऱ्याच्या लहरी जेथे पोहोचत नाहीत तेथे वाय-फाय कॉलिंग सर्वाधिक उपयोगी ठरते. परंतु सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतील ज्या वाडीवस्तीत मनोरा नाही, तेथे तारेचे इंटरनेट तरी कोठून असणार? ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तो तंतू घरापर्यंत पोहोचल्याखेरीज ही सोय मुख्यतः शहरी सदनिकेची राहते.

दुसरी मर्यादा आपत्कालीन सेवेची होय. इंटरनेटवरून बोलणारी व्यक्ती नेमकी कोठे आहे हे निश्चित करणे कठीण असते. म्हणून २०१७ च्या शिफारशींत आपत्कालीन क्रमांकाची सोय कंपन्यांवर बंधनकारक न करता तिला केवळ प्रोत्साहन द्यावे आणि ही उणीव ग्राहकास स्पष्ट शब्दांत सांगावी, असे सुचविले गेले. रुग्णवाहिका बोलाविणाऱ्याच्या दृष्टीने ही त्रुटी किरकोळ नव्हे.

समारोप :

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने संदेशवहन करणाऱ्या ॲपना असे निर्देश दिले की, नोंदणी केलेले सिमकार्ड यंत्रात कार्यरत असेल तरच ॲप चालावे. फसवणुकीस आळा घालणे हा त्यामागील हेतू सांगण्यात आला. जाळ्यापासून सेवा वेगळी करण्याचे तत्त्व २०१८ मध्ये मान्य झाले होते. २०२५ मध्ये मात्र ॲपला पुन्हा सिमशी बांधण्याचे धोरण पुढे आले.

या इतिहासावरून असे दिसून येते की, इंटरनेट व भ्रमणध्वनी यांच्यातील भिंत तंत्रज्ञानाची नव्हती. २००२ मध्ये मक्तेदारी संपताच ती खचली, २०१८ मध्ये कॉलचे उत्पन्न गौण ठरताच पडली. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना गरज नव्हती आणि ज्यांना गरज होती त्यांना अधिकार नव्हता, हे या सोळा वर्षांचे सार होय. या सर्व काळात ग्राहकाची खरी मिळकत ठरली ती त्याचा दहा अंकी क्रमांक. त्या क्रमांकावर सत्ता कोणाची, कंपनीची, ॲपची, शासनाची की स्वतः ग्राहकाची, हा प्रश्न एकत्रीकरणानंतरही शिल्लक आहे. पुढील धोरण आखताना त्याचे उत्तर ग्राहकाच्या बाजूने शोधणे आवश्यक ठरते.