रोलर, खडू आणि धोतराचा सोगा

दोंडाईचा म्हटले की मिरची आठवते. परंतु सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या गावाभोवतीचा मुलूख कापसाचाही आहे, आणि कापसाचा इतिहास जिनापर्यंत आला की तो लेथपर्यंतही येतो.

१८४० मध्ये अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने पेटंट घेतलेला रोलर-जिन पुढे भारतात चांगलाच रुजला. कातड्याचा लांब रोलर तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती खाली पाडते. रोलर किंचित जरी वाकडा फिरला, तरी एका बाजूस सुरी घासते व दुसऱ्या बाजूस फट पडते. कातडे तापते, रुईची प्रत उतरते. म्हणून झिजलेला रोलर लेथवर चढवून कातडे पुन्हा गोल छिलावे लागते व त्यावर नव्या खाचा पाडाव्या लागतात.

एवढा लांब रोलर केवळ चकमध्ये धरला, तर त्याचे दुसरे टोक झुलते. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सेंटरची भोके पाडून तो दोन सेंटरांमध्ये धरतात. दांड्यावर आवळलेला कॅरिअर त्याला फिरवतो. जुन्या लेथवर टेलस्टॉकचे सेंटर स्थिर असते. ते ढिले ठेवले तर रोलर खडखडतो, प्रसंगी निसटतो. फार आवळले तर घर्षणाने दांडा तापून लांबतो आणि आणखी घट्ट बसतो. तेल किंवा ग्रीस इथे हवेच. सेंटरचे भोक ठेचलेले वा घाणीने भरलेले असेल, तर पुढची सारी कारागिरी वाया जाते. दांडा हाताने सावकाश फिरवीत जवळ खडू धरतात. खडू जिथे लागतो तो भाग उंच. आजही डायल गेज हाताशी नसेल तेव्हा ही युक्ती चालते.

खरा धोका कॅरिअरच्या बाहेर आलेल्या बोल्टात. वेगात तो डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि धोतराचा सोगा किंवा सैल बाही नेमकी तिथे अडकते. चकमध्ये विसरलेली चावीही लेथ सुरू होताच गोळीसारखी उडते. त्या काळी लेथ छताजवळच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरे. थांबवायचा तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवावा लागे, आणि तेवढा अवकाश अडकलेल्या हाताला क्वचितच मिळे.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण सांगितले, पण केवळ १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे वगळले गेले. हंगामी जिनिंगला याहून सोयीची पळवाट कोणती? १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनिंगमधल्या कामाच्या अमानुष तासांची साक्ष झाली. १८९१ मध्ये मर्यादा ५० वर आली, हंगामी कारखाने मात्र १९११ मध्ये कायद्याखाली आले.

चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, हे १९४८ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलेले होते.