चाकरमान्यांचा गणपती

कोकणातल्या मूळ घरी गणपतीला सगळं कुटुंब जमतं, ते निव्वळ भक्तीपोटी असं मानलं जातं. मला मात्र या जमण्यामागे मुंबईच्या गिरण्या दिसतात. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तिथली पहिली कापडगिरणी स्थापली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरीकडचे हजारो तरुण गिरणगावात गेले. शेती तुटपुंजी, म्हणून बायकामुलं बहुधा गावीच. मनिऑर्डरीवर चालणाऱ्या अशा घराला सगळे एकत्र दिसण्याचा दिवस हवाच होता, आणि भाद्रपदात लावणी उरकलेली, कापणी दूर. यावर कोणी म्हणेल, घरचा गणपती गिरण्यांहून कितीतरी जुना आहे. पूजा जुनी, हे मान्यच. पण परतून यायला आधी कोणालातरी दूर जावं लागतं.

भाऊ वेगळे राहिले, चुली वेगळ्या झाल्या, तरी अनेक घराण्यांत मूर्ती एकच, मूळ घरातली. खर्चाची पाळी वाटून घेतलेली. सिंधुदुर्गात मूर्तीवर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात. तिच्यावरचे नारळ आणि सुपारीचे घोस परड्यातले, पण कवंडळं, हरणं ही फळंफुलं रानातून शोधून आणावी लागतात. ती जागा गावी राहिलेल्यालाच ठाऊक. चाकरमान्याच्या पैशाइतकाच त्याचाही वाटा सणात असतो, आणि तो फार कमी सांगितला जातो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी ही प्रथा ओसरली नाही. उलट १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गणपतीच्या गाड्यांची तिकिटं मिळणं मुश्कील झालं. गिरणी गेली, पण गावच्या सातबाऱ्यावरची भावांची सामाईक नावं तशीच राहिली.