ग्रीस नको, तेल हवं!

आज गोष्ट एका पिवळ्या धातूच्या तुकड्याची. नाव ट्रनियन.

१९५९ साली इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीनं हेरल्ड ही छोटी गाडी काढली. पुढची चाकं इतकी वळायची, की जेमतेम २५ फुटांत गाडी गोल फिरायची. तीच रचना १९६२ मध्ये स्पिटफायर या स्पोर्ट्स कारला मिळाली. आणि हो, मद्रासला बनणाऱ्या आपल्या स्टँडर्ड हेरल्डलाही!

यात चाक धरणारा उभा दांडा खाली आट्यांनी ट्रनियनमध्ये बसतो. स्टिअरिंग वळवलं की हे आटे फिरतात. म्हणून तिथे ईपी ९० गिअर ऑइल घालायचं. घट्ट ग्रीस तळापर्यंत पोचत नाही. मग पाणी शिरतं, दांडा गंजतो, तुटतो आणि चाक आडवं होतं. तेही चालत्या गाडीचं!

मला यातली खरी गंमत ही वाटते: गाडीचा सगळा भरवसा मालकाच्या सवयीवर होता. पहिल्यानं तेल घातलं असेल, पण चौथ्यानं?

म्हणून सस्पेन्शन उघडलंत, तर आधी दांड्याचे आटे बघा. गंजाचे खड्डे असतील तर दांडाच बदला. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट-सुलट असतात, अदलाबदल करू नका. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

आजोबांची हेरल्ड अजून दारात असेल, तर पॉलिशच्या आधी तेल बघा. भेटूया पुढच्या भागात!