‘पडीक’ ठरलेली कुरणे

खानदेशचा भूगोल शिकवताना आपण तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि केळी यांचा उल्लेख हमखास करतो. गवताचा मात्र राहून जातो. वास्तविक धुळे-जळगावच्या मुरमाड टेकड्यांवर गुरे-मेंढरे पोसली गेली ती गवतावरच. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांच्या महसुलाच्या हिशेबात पीक न देणारी जमीन ‘पडीक’ ठरली. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले आणि नांगर कुरणांत शिरला. चराईचा भार उरलेल्या माळांवर पडत गेला.

अति चराईने गवत एकदम संपत नाही. आधी ते बदलते. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात आपला भाग ‘सेहिमा-डायकँथियम’ प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे शेडा-पवन्या, डायकँथियम म्हणजे मारवेल. ही रुचकर, बहुवर्षायू गवते जनावरे आधी खातात. त्यांना बी धरायला सवडच मिळत नाही. त्यांच्या जागी कुसळी येते, मग खुरटी एकवर्षायू गवते आणि शेवटी उघडा मुरूम. पावसाळ्यात टेकडी दुरून हिरवी दिसते, पण तिची घसरण चालूच असते.

गवतांचे प्रकार घटल्याने एवढे काय बिघडते? अमेरिकेत मिनेसोटा येथे डेव्हिड टिलमन यांच्या प्रयोगभूमीवर १९८७-८८ साली दुष्काळ पडला. ज्या वाफ्यांत अनेक जाती होत्या त्यांची वाढ निम्म्यावर आली. मोजक्याच जाती असलेल्या वाफ्यांची आठव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली घसरली. टिलमन आणि डाउनिंग यांनी हे १९९४ साली मांडले. कारण समजायला सोपे आहे. काही मुळे उथळ असतात, काही खोल. दुष्काळ सोसण्याची ताकदही सगळ्यांची सारखी नसते. एक जात मागे पडली की दुसरी तिची जागा भरते. रानातील द्विदल वनस्पतींच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, मुळांवरच्या बुरशा स्फुरद मिळवून देतात आणि मेलेल्या मुळांचा ह्यूमस पाणी धरून ठेवतो. सुमारे ६०० मिलिमीटर पावसाच्या धुळे तालुक्यात हा फरक फार मोलाचा आहे.

याच तालुक्यातील लामकानी गावाने तो अनुभवला. या शतकाच्या आरंभापासून डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी टेकड्यांवर चर खणले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पाणी मुरले आणि उजाड उतारांवर गवत परतले. बंदीची झळ मात्र शेळ्या-मेंढ्यांवर पोट असणाऱ्यांना आधी लागते. त्यांच्यासाठी कापून नेण्याच्या चाऱ्याची सोय झाली तरच अशी बंदी टिकते. आणि अशा माळावर खड्डे खणून एकाच जातीची झाडे लावली, तर हिरवळ दिसेल, पण गवतांची सावलीत पीछेहाट होईल.

हे आपल्याला वर्गाबाहेर तपासता येते. पावसाळा सरताना चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटरचा चौकोन आखावा, एक कुंपणाच्या आत आणि एक चराईच्या माळावर. दोन्हींतील गवतांचे प्रकार मुलांनी मोजावेत, नावे गावातील गुराख्यांना विचारावीत आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा मोजणी करावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, की आपला माळ कोणत्या दिशेने चालला आहे ते मुलेच सांगतील.