तांडा, काळी-पिवळी आणि एसटी : जिवतीच्या वाटांचा इतिहास

स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोन टोकांचाच विचार करतो : माणसे कोठून निघाली आणि कोठे स्थिरावली. मधला प्रवास एका वाक्यात उरकला जातो. नव्या मुलखात आलेल्या माणसाला मात्र घर उभे राहिल्यावरही बरीच वर्षे एक प्रश्न छळत राहतो. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला जायचे ते कसे, आणि कोणत्या दिशेने? चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर तेथील आजच्या वादांची मुळे अधिक स्पष्ट दिसतात, असे आम्हाला वाटते.

माणिकगडच्या डोंगररांगेवर, तेलंगणाच्या सीमेला लागून हा तालुका पसरला आहे. कोलाम आणि गोंड हे येथले जुने रहिवासी. साठच्या दशकापासून, आणि विशेषतः १९७२च्या दुष्काळानंतर, मराठवाड्यातून भूमिहीन व कोरडवाहू शेतकरी कुटुंबे येथे येऊ लागली. त्यांत बंजारा समाज मोठ्या संख्येने होता. ही माणसे परक्या प्रांतात आली असे म्हणणेही पूर्णपणे बरोबर नाही. १९५६पर्यंत मराठवाडा आणि राजुरा हे दोन्ही हैदराबाद संस्थानाचे, पुढे हैदराबाद राज्याचे भाग होते. आजचा जिवती तालुका तेव्हाच्या राजुऱ्यात, म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. राज्य पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. नकाशा उघडून पाहिला तर या जोडणीतील अडचण लगेच ध्यानात येते. नांदेड आणि राजुरा यांच्या सीमा एकमेकींना भिडतच नव्हत्या. मध्ये आदिलाबाद होते, आणि ते आंध्र प्रदेशात गेले होते. १९५९मध्ये राजुरा तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. मराठवाड्यातून येणाऱ्यांच्या पायाखालचा मुलूख मात्र पूर्वीचाच राहिला. मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादपर्यंत जाणारी मीटरगेज रेल्वे, तेथून पुढे डोंगर. जाण्यायेण्याची जवळची वाट दुसऱ्या राज्यातून, आणि कचेरीची वाट मात्र उलट दिशेला, गडचांदूर-राजुऱ्याकडे, अशी ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

या भागातल्या गावांच्या नावांत ‘गुडा’ जसा वारंवार भेटतो, तसाच ‘तांडा’ही. तांडा या शब्दाचा मूळ अर्थ वस्ती असा नाही; मालवाहू बैलांचा चालता काफिला म्हणजे तांडा. दख्खनच्या मोहिमांत मोगल फौजांना धान्य पुरवणारे आणि मीठ-धान्याचा व्यापार बैलांच्या पाठीवरून करणारे बंजारे हे या देशाची वाहतूक व्यवस्थाच होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्के रस्ते आले आणि हा व्यवसाय बुडाला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या समाजांच्या हिंडण्यालाच संशयास्पद ठरवले. चालता तांडा थांबला, आणि थांबलेल्या जागेला तांडा म्हणू लागले. ज्यांच्या पूर्वजांनी मुलखाचे दळणवळण सांभाळले, त्यांच्या नातवंडांनी डोंगरावर बसची वाट पाहावी, यात इतिहासाची मोठी विसंगती आहे.

दुसरी विसंगती दुष्काळाची. १९७२-७३च्या दुष्काळी कामांवर, ऐन भरात, राज्यभर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. त्यांतले पुष्कळजण खडी फोडत होते, रस्त्यांवर माती टाकत होते. गावाकडे रस्ते घडवून झाले, तरी त्या रस्त्याने पोट भरेना, म्हणून काहींनी जिवतीसारख्या रस्ता नसलेल्या मुलखाची वाट धरली.

राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने त्याआधीच, १९३२मध्ये, २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांना मात्र दोन्ही परंपरा दूरच राहिल्या. ही पोकळी पुढे काळी-पिवळीने भरून काढली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, तेच हे वाहन. ते भरल्याशिवाय सुटत नाही, टपावर माणसे आणि पोती घेते, परंतु चालक ओळखीचा असतो आणि भाडे उधारही ठेवतो. एसटीला वेळापत्रक असते, विद्यार्थ्याला पास असतो, म्हाताऱ्याला सवलत असते. रस्ता असेल आणि गाडी आली तर. २०२१-२२च्या दीर्घ संपात हा ‘तर’ राज्यभर अनुभवास आला. येथे तो नेहमीचाच आहे : वर्धा नदीला पूर आला की राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद पडतो आणि डोंगरावरच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण अंतरते.

अशा वेळी दक्षिणेकडची उतरण खुणावते. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा यांसह चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला; तेथे दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन मतदार याद्या निर्माण झाल्या. याला गावकऱ्यांचा लबाडपणा म्हणणे सोपे आहे. पण एका दिशेच्या बसमध्ये मार्च २०२३पासून बाईला अर्धे तिकीट, आणि दुसऱ्या दिशेला डिसेंबर २०२३पासून, तेलंगणाचे ओळखपत्र असल्यास, तिकीटच नाही. तिकिटापेक्षा मोठा फरक जातीच्या दाखल्याचा. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडा अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकाच बोलीच्या माणसांची ओळख अशी बदलते.

या फरकाची खरी किंमत जमिनीत मोजावी लागते. २००६च्या वन हक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीबाहेरच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब मांडला तर १९३०च्या मागे जावे लागते. दुष्काळात आलेले कुटुंब या कसोटीवर उतरूच शकत नाही. त्याहूनही आधी आलेल्यांची अडचण वेगळी : बैलगाडीने वा पायी आलेल्या माणसाजवळ तिकीट नसते, वाटेत कोणी नोंद केलेली नसते. नियमांनी वडीलधाऱ्यांची साक्ष ग्राह्य मानली आहे, पण तो प्रवास आठवणारे आता थोडे उरले आहेत.

स्थलांतरितांची बाजू मांडताना कोलामांची बाजू विसरता येणार नाही. नवागत ज्या पायवाटांनी वर आले, त्या कोलाम-गोंडांनी पाडलेल्या होत्या. आज कित्येक कोलाम गुड्यांना पक्का रस्ता नाही, आणि रुग्णाला खाटेवर घालून उतरावे लागते. १९८०च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातून रस्ता काढायचा तर परवानगीचा मार्गही लांबचा असतो. रस्ता मागताना दोघे एकत्र येतात. त्याच रस्त्याकडेच्या जमिनीचा प्रश्न निघाला की समोरासमोर उभे राहतात. म्हणून आम्हाला असे वाटते, की जिवतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने सातबाऱ्याआधी या वाटा चालून पाहाव्यात, आणि कोण केव्हा, कशाने, कोणत्या बाजूने वर आले हे सांगणारे म्हातारे हयात आहेत तोवर त्यांचे कथन टिपून घ्यावे. ते टिपण उद्या एखाद्याच्या दाव्याला पुरावा म्हणूनही उपयोगी पडेल.